बोअर मारायची ऐपत आहे, पण बांधापलीकडच्या विहिरीचं काय?

मोसंबीवाला_जालना
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. आमची अडीच एकर मोसंबी आहे, वडिलांनी 2012 च्या दुष्काळात टँकर टाकून जगवलेली, तेव्हा आमच्या भागात कितीतरी बागा वाळून सरपण झाल्या. आता विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. मी पुण्यात नोकरीला, हातात पैसे आहेत. धाकटा भाऊ म्हणतो दादा 600 फूट बोअर मारू, पाणाड्याने नारळ फिरवून जागाही दाखवलीय. अडचण अशी की बांधाला लागून चुलत काकूची 50 फुटी विहीर आहे, त्यावर तिचं घर, दोन म्हशी आणि अर्धा एकर भाजी चालते. काका वारले, तिच्याकडे बोअर सोडा, विहिरीतला गाळ काढायलाही पैसे नाहीत. भाऊ म्हणतो आपलं रान आपलं पाणी, आणि आपण नाही मारला तर वरच्या अंगाचा मारणारच आहे. त्याला उत्तर देता येत नाही पण मनाला पटतही नाही. माझी ऐपत आहे म्हणून माझी जबाबदारी काकूपेक्षा जास्त का?

औताडे_गेवराई
भाऊ बरोबर बोलतोय हो. आमच्याकडे मी थांबलो, शेजाऱ्याने दोन बोअर घेतले आणि ऊस लावला. माझी तूर गेली आणि त्याचा ऊस कारखान्याला गेला. एकट्याने थांबून पाणी वाचत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या पाइपात जातं. तुमच्या वडिलांनी जगवलेली बाग मरू देणं ही पण जबाबदारी टाळणंच झालं ना.

भूजलवाली
मी या विषयात काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत, तेच तुमच्या काकूच्या विहिरीला येतं. बोअरला केसिंग, म्हणजे भोकाच्या कडेने बसवायचा पाइप, फक्त वरच्या मुरमापुरतं घालतात, 20-30 फूट, खाली सगळं उघडं. म्हणजे विहिरीला येणारं पाणी आधी तुमच्या बोअरमध्ये झिरपून खाली जाणार, आणि सबमर्शिबल ते उपसणार. काकूची विहीर तुमच्या मोटरीने आटेल, पावसाला दोष देऊन चालणार नाही. सगळीकडे असंच होतं असं नाही, भेगा कुठे जुळतात त्यावर आहे, पण बांधाला लागून असेल तर शक्यता मोठी.

आणि "आपलं रान आपलं पाणी" हे 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातून आलंय, इंग्रजांच्या वेळचं, तेव्हा 600 फूट कोण जात होतं? राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या खाली गेली की ती खोल विहीर, त्यावर निर्बंध आहेत. 60 मीटर म्हणजे साधारण 200 फूट, तुम्ही त्याच्या तिप्पट जाताय. गावात कोणी विचारत नाही हे खरंय, त्याचं मला फार वाईट वाटतं.

नायगाव_रस्ता
औताडे दादा तुमचं दुखणं खरंय, पण मी पुरंदरचा आहे म्हणून विलासराव साळुंखे आठवले. पुण्यात स्वतःचा कारखाना असलेला इंजिनिअर माणूस, 1972 च्या दुष्काळात आमच्या तालुक्यात कामं बघायला आला आणि नायगावला देवस्थानची 40 एकर जमीन कराराने घेऊन पाणी अडवायला लागला. त्यांना वाटलं असतं तर एकट्याची हिरवी बाग करून बसले असते. त्यांनी पाणी पंचायत काढली. त्यात पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही म्हणजे नाही. हिवरे बाजारलाही पोपटराव पवारांच्या काळात शेतीसाठी बोअर बंद केले. तिथे सगळे बसून ठरवतात यंदा पाऊस किती झाला, कोणतं पीक घ्यायचं. बसायला बोलावणारा कोणीतरी लागतो. तुमच्या आळीत ते तुम्हीच करू शकता, काकूने बोलावलं तर कोण येणार? तुम्ही पुण्याहून आलात तर वरच्या अंगाचापण येईल.

मोसंबीवाला_जालना
सगळ्यांचे आभार. केसिंगचं मला खरंच माहीत नव्हतं, भावाला फोनवर वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता. बोअरच्या गाडीवाल्याला सध्या नाही सांगितलंय. बोअरच्या पैशातून आधी दोन्ही विहिरींचा गाळ काढणार, मोसंबीला ड्रिप आणि बुडाला पाचटाचं आच्छादन. आणि काही झाडं गेली तर जाऊ देणार, वडिलांना हे सांगणं मला सगळ्यात जड जातंय. रविवारी वरच्या अंगाच्या काकांकडे जाणार आहे, चहाला. औताडे दादा, ते नाही ऐकले तर काय, हा तुमचा प्रश्न माझ्यापुढे अजून तसाच आहे. काय होतं ते इथेच लिहीन.