योसेमिटीत दरड कोसळण्याचा धोका : आरोहण आणि पायवाटांचे नियोजन कसे करावे?

फ्रीमाँटकर (प्रश्न)

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही काही नातेवाईक मिळून कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. पुण्याहून येणारे माझे दोन मेहुणे सह्याद्रीत नियमित प्रस्तरारोहण करतात आणि त्यांना तेथील रॉयल आर्चेस या कड्याच्या परिसरात फार कठीण नसलेला, पण अनेक पिचचा (म्हणजे एका दोराच्या लांबीत चढायच्या अनेक टप्प्यांचा) एखादा मार्ग चढायचा आहे. सासू-सासरे आणि मुले मिस्ट ट्रेलने व्हर्नल धबधब्याकडे आणि एखाद्या दिवशी मिरर लेकपर्यंत चालतील. मुक्काम करी व्हिलेजमध्ये आहे.

मेहुण्यांचे म्हणणे असे, की दरडी पावसाळ्यात कोसळतात आणि योसेमिटीच्या दरीत ऑगस्टमध्ये पाऊस फारसा नसतोच, तेव्हा काळजीचे कारण नाही. मात्र २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तेथील एल कॅपिटान या कड्याच्या पायथ्याशी दगड कोसळून एक आरोहक मृत्युमुखी पडल्याचे मी वाचले आहे आणि तेव्हाही पाऊस नव्हता. अशा परिस्थितीत महिना बदलावा, मार्ग बदलावा, मुक्काम बदलावा, की माझीच भीती अवाजवी आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खडकवासी

आपल्या मेहुण्यांचा तर्क सह्याद्रीपुरता बराचसा बरोबर आहे. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) या तिन्ही दुर्घटना जुलै महिन्यातल्या, अतिवृष्टीतल्या होत्या आणि तिन्ही ठिकाणी पाण्याने जड झालेला डोंगरउतार खाली सरकला होता. योसेमिटीत कोसळते ते वेगळे. तेथे उताराची माती घसरत नाही. उभ्या ग्रॅनाइटच्या कड्याचा एखादा पापुद्रा किंवा ठोकळा सुटतो आणि काहीशे मीटर थेट खाली येतो.

हा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खोलवर थिजलेला आहे. वरचे आवरण झिजून गेल्यावर त्याच्यावरचा दाब कमी झाला आणि पृष्ठभागाला समांतर भेगा पडत गेल्या. पुढे हिमनद्यांनी दरी कोरून तिच्या भिंती जवळजवळ सरळ उभ्या करून ठेवल्या, आणि हिमनद्या ओसरल्यानंतर गेली सुमारे पंधरा हजार वर्षे या भिंती पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत आहेत. भेगांत शिरणारे पाणी, त्याचे गोठणे-वितळणे, झाडांची मुळे, भूकंप ही नेहमीची कारणे आहेतच; १८७२ च्या ओवेन्स व्हॅलीच्या भूकंपात कडा कोसळताना निसर्गलेखक जॉन म्युर यांनी चांदण्या रात्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

उन्हाचे काय, या प्रश्नावर ब्रायन कॉलिन्स आणि ग्रेग स्टॉक या दोन भूशास्त्रज्ञांनी केलेले काम आपल्या मेहुण्यांनी अवश्य वाचावे. कड्यापासून अर्धवट सुटलेल्या, सुमारे १९ मीटर उंचीच्या आणि जेमतेम १० सेंटिमीटर जाडीच्या एका पापुद्र्यामागील फटीत त्यांनी मोजणीची उपकरणे बसवली आणि २०१० ते २०१३ अशी सुमारे साडेतीन वर्षे नोंदी घेतल्या. दिवसा तापल्यावर तो पापुद्रा बाहेर सरके आणि रात्री निवल्यावर परत येई. ही हालचाल एका दिवसात एक सेंटिमीटरपर्यंत भरत असे. तार पुन्हा पुन्हा वाकवल्यावर ती शेवटी जेथे तुटायची तेथे तुटते, तसे फटीचे टोक हळूहळू पुढे सरकत जाते. पाऊस, बर्फ, भूकंप यांपैकी काहीही नसताना, वर्षाच्या आणि दिवसाच्या सर्वांत उष्ण वेळी झालेल्या घटनांचे प्रमाण त्यांच्या मते सुमारे १५ टक्के आहे. ‘आभाळ स्वच्छ आहे, म्हणजे कडा सुरक्षित आहे’ हा सह्याद्रीतला आडाखा येथे लागू पडत नाही, तो यामुळे.

दरीतला_पांथस्थ

मुक्काम आणि पायवाटांविषयी लिहितो, कारण आपल्या गटातील बहुतेकांचा संबंध त्यांच्याशीच येणार आहे.

करी व्हिलेज ग्लेशियर पॉइंटच्या अगदी खाली वसलेले आहे. ७ आणि ८ ऑक्टोबर २००८ रोजी त्या कड्यावरून लागोपाठ दगड कोसळले आणि काही खोल्यांपर्यंत पोहोचले. जीवितहानी झाली नाही, पण त्यानंतर कड्यालगतच्या दोनशेहून अधिक खोल्या आणि तंबू कायमचे बंद करण्यात आले. पुढे २०१२ मध्ये दगड कोठपर्यंत घरंगळू शकतात याचा अभ्यास करून संपूर्ण दरीत धोक्याची सीमारेषा आखण्यात आली. आज राहण्यासाठी मिळतात त्या जागा या रेषेचा विचार करून ठेवलेल्या आहेत, त्यामुळे केवळ भीतीपोटी आरक्षण रद्द करावे असे मला वाटत नाही. मात्र तेथे राहून मुलांना कड्याच्या दिशेने, मोठमोठ्या शिळांच्या पसाऱ्यात खेळायला सोडू नये. तो पसारा कशाने तयार झाला आहे हे उघडच आहे.

मिस्ट ट्रेल हॅपी आइल्सपासून सुरू होते. १० जुलै १९९६ च्या संध्याकाळी याच भागावर ग्लेशियर पॉइंटजवळून ग्रॅनाइटचे प्रचंड ठोकळे सुटले आणि सुमारे ५०० मीटर जवळजवळ अधांतरी येऊन आपटले. खरे नुकसान दगडांपेक्षा त्यांच्या आघाताने निर्माण झालेल्या हवेच्या झोताने केले: सुमारे हजार झाडे आडवी झाली, धुळीने दिवसाउजेडी अंधार पसरला, एकाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. यावरून ‘दगड येताना दिसला की बाजूला होऊ’ या विचाराचा पोकळपणा लक्षात यावा. मिरर लेकच्या वरच्या बाजूच्या वाटेवर २८ मार्च २००९ रोजी आह्वाया पॉइंटवरून चाळीस हजार घनमीटरहून अधिक खडक आला. वेळ पहाटेची होती म्हणून तेथे कोणी नव्हते. दुपारची असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. वाट बराच काळ बंद होती. योसेमिटी धबधब्याच्या वाटेवर नोव्हेंबर १९८० मध्ये तीन जणांचा बळी गेला होता.

एवढे सगळे लिहूनही माझा सल्ला असा, की दोन्ही वाटांवर जावे. दरवर्षी तेथे दगड कोसळण्याच्या सुमारे ८० नोंदी होतात, तर भेट देणाऱ्यांची संख्या लाखांत असते. फक्त विश्रांती, डबा आणि छायाचित्रे यांसाठी थांबण्याची जागा निवडताना वर पाहावे. कड्यावर फिकट, जवळजवळ पांढरा डाग दिसत असेल तर तेथील खडक अलीकडेच सुटलेला आहे. जुना पृष्ठभाग राखाडी, काळपट असतो. पायथ्याच्या शिळांवर ताजे ओरखडे, पांढरी भुकटी किंवा मोडलेल्या फांद्या दिसल्या तर तेथे न थांबता पुढे चालावे.

फ्रीमाँटकर

दोघांचेही आभार. सासूबाईंना वाटेत वारंवार बसावे लागते, त्यामुळे कोठे बसावे याविषयीची सूचना फार उपयोगी पडेल. ऑगस्टऐवजी एप्रिलमध्ये गेलो तर धोका कमी होईल का?

खडकवासी

नाही. एकूण नोंदी पाहिल्या तर हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला, म्हणजे पाऊस, वितळणारे बर्फ आणि रात्रीचे गोठणे एकत्र येतात तेव्हा, घटना अधिक होतात. आतापर्यंत नोंदलेली सर्वांत मोठी दरड, मिडल ब्रदर येथील सुमारे सहा लाख घनमीटरची, १९८७ च्या मार्चमध्ये कोसळली. उष्णतेचा मुद्दा मी मांडला तो उन्हाळा अधिक वाईट आहे म्हणून नव्हे, तर उन्हाळा निर्धोक नाही म्हणून.

दोर_आणि_कातळ

मेहुण्यांसाठी लिहितो. वरच्या प्रतिसादांतील माहिती योग्य आहे, पण आरोहकाच्या दृष्टीने तिचा भर थोडा बदलायला हवा असे मला वाटते. हजारो घनमीटरच्या दरडीपासून आरोहकाला स्वतःचा बचाव करता येत नाही. तिचा अंदाज आज कोणीही देऊ शकत नाही. त्याच्या हातात असतो तो लहान दगडांचा धोका, आणि हे दगड बऱ्याचदा वरच्या तुकडीच्या पायाखालून किंवा दोराच्या घर्षणाने सुटतात. योसेमिटीतील सोप्या, लोकप्रिय मार्गांवर गर्दी असते. म्हणून भल्या पहाटे निघून पहिली तुकडी होणे, ते न जमल्यास वर कोणी असताना खाली न लागणे, आणि बिले करणाऱ्याने (खालून दोर सांभाळणाऱ्याने) लीडच्या, म्हणजे पुढे चढणाऱ्याच्या, थेट रेषेत उभे न राहणे हे तीन नियम हवामानाच्या अंदाजाहून अधिक उपयोगी आहेत. हेल्मेट मार्गावर चढल्यावर नव्हे, तर पायथ्याच्या शिळांत शिरतानाच घालावे. २७ सप्टेंबर २०१७ ची दुर्घटना नेमकी हेच सांगते: मृत्यू पावलेला ब्रिटिश आरोहक आणि त्याची जखमी झालेली पत्नी त्या क्षणी कडा चढत नव्हते, पायथ्याशी होते. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून पहिल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा, सुमारे दहा हजार घनमीटरचा भाग आला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतील एक जण जखमी झाला. एकदा दगड सुटलेल्या जागेखाली ‘आता मोकळे झाले’ असे समजून लगेच परत जाऊ नये, हा त्यातला आरोहकांसाठी महत्त्वाचा धडा.

रॉयल आर्चेसविषयी एक विशेष सूचना. २०२३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्याच्या पश्चिमेकडील सुपर स्लाइड परिसरात आरोहकांना नवी भेग आढळली, खडक तडकल्याचे आवाजही ऐकू आले. त्यांनी ते कळवल्यावर उद्यानाने त्या भागातील मार्ग आणि खालची वाट बंद केली आणि भूशास्त्रज्ञांनी रडारने कड्याची हालचाल मोजायला सुरुवात केली. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावरील बंद मार्गांची यादी पाहणे आवश्यक आहे. ससाण्यांच्या विणीसाठी बंद ठेवलेले मार्गही त्याच ठिकाणी कळतात, पण ते बहुधा ऑगस्टपर्यंत खुले होतात.

आणखी एक. जुन्या मार्गदर्शक पुस्तकातील आकृतीवर विसंबू नये. जुलै २०१५ मध्ये हाफ डोमच्या वायव्य कड्यावरील प्रसिद्ध मार्गाचा मधला भाग, साधारण ११ आणि १२ क्रमांकाच्या पिचचा, कोणाच्याही नकळत गळून पडला, आणि वर गेलेल्या आरोहकांना पुस्तकात दाखवलेला मार्गच जागेवर सापडला नाही.

फ्रीमाँटकर

मेहुण्यांना सर्व प्रतिसाद वाचायला दिले. आम्ही ऑगस्टच कायम ठेवतो आहोत. ते दोघे रॉयल आर्चेसचा निर्णय बंद मार्गांची यादी पाहूनच घेतील आणि उजाडण्यापूर्वी निघतील. तोपर्यंत बाकीचे आम्ही पायथ्याशी त्यांची वाट पाहत बसण्याऐवजी दरीच्या मधोमध, नदीकाठच्या कुरणात थांबू.

दोर_आणि_कातळ

कुरणातून दुर्बिणीने त्यांना पाहताही येईल. चढताना त्यांना नवी भेग दिसली किंवा आपल्याला दगड कोसळल्याचा आवाज आला, तर जागा, वेळ आणि शक्य असल्यास छायाचित्र यांसह रेंजरला कळवावे. वर्षाकाठच्या त्या ८० नोंदींपैकी अनेक अशाच पर्यटकांनी आणि आरोहकांनी दिलेल्या असतात.