नवख्याने थेट आर्च टाकावं का?

रानवारा (धागाकर्ता)
विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. लिनक्सकडे वळणाऱ्या नवख्यांना सरसकट आर्च (जवळपास सगळं हाताने जुळवावी लागणारी लिनक्सची एक आवृत्ती, म्हणजे डिस्ट्रो) सुचवणं मला पटत नाही. कामाच्या लॅपटॉपवर मिंट ही तयार मिळणारी सोपी डिस्ट्रो टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि टाइमशिफ्ट हे सिस्टीम आधीच्या स्थितीत परत नेणारं साधन सोबतच येतं (मात्र ते आपल्या फायलींचं होम फोल्डर आपणहून घेत नाही, त्याची प्रत वेगळी ठेवा). आर्चमध्ये नवखे हमखास एक गोष्ट करतात: महिनाभर अपडेट नाही आणि मग एखादंच पॅकेज (प्रोग्राम) 'पॅकमन -एसवाय' या आर्चच्या कमांडने घ्यायचं. त्यासोबत नवी लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) येते आणि जुन्या लायब्ररीवर बांधलेला भलताच प्रोग्राम उघडेनासा होतो. '-एसवाययू' करून सगळंच एकत्र वर न्यायला हवं.
आर्च शिकायचंच असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (चालू सिस्टीमच्या आत आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) शिका. ४ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क द्या, सेटिंगमध्ये ईएफआय (नव्या संगणकांची बूट पद्धत) चालू करा.

घाटवाट
पूर्ण असहमत! मिंट सगळं आयतं देतं, त्यामुळे काही बिघडलं की कुठे हात घालायचा तेच कळत नाही. आर्चमधली नेहमीची अडचण बघा. 'पॅकस्ट्रॅप' या कमांडने बेस (मूळ पॅकेजं), कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि फर्मवेअर (हार्डवेअरला लागणाऱ्या फायली) टाकलं, रीबूट केलं, आणि नेट गायब. कारण पेनड्राइव्हवरच्या आर्चमध्ये वायफायची सोय असते, डिस्कवर टाकलेल्यात ती आपण टाकावी लागते. उपाय: पुन्हा पेनड्राइव्हवरून बूट, डिस्कचं पार्टिशन (भाग) माउंट म्हणजे जोडून घ्यायचं, 'आर्च-सीएचरूट'ने डिस्कवरच्या आर्चमध्ये शिरायचं, नेटवर्कमॅनेजर (नेट जोडणारा प्रोग्राम) टाकायचा आणि तो दर बूटला सुरू व्हावा म्हणून 'सिस्टमसीटीएल इनेबल' करायचं. हे एकदा हाताखालून गेलं की न उठणाऱ्या मशीनची भीती जाते, मग डिस्ट्रो कुठलीही असो. आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये यातला वायफायचा भाग सहसा शिकता येत नाही, तिथे आतल्या लिनक्सला नेट वायरचं दिसतं.

निळी शाई
घाटवाट, तुमचा मुद्दा फक्त लिनक्स असलेल्या मशीनपुरता खरा. पण बहुतेकांना विंडोजही ठेवायचं असतं, आणि खरं नुकसान तिथेच होतं. पार्टिशनला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून ते पार्टिशन फक्त वाचता येतं. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाचं सेटिंग) स्टोरेज 'RAID' (रेड) या मोडवर आहे का ते बघा. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलं तर घाबरू नका, लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही कमांड दिली की जुळतं.
नवखे लिनक्स सोडतात ते डिस्ट्रोपेक्षा मिळालेल्या उत्तरांमुळे. कुणी काही विचारलं की 'विकी (डिस्ट्रोची ऑनलाइन माहितीपानं) वाच' म्हणून मोकळं व्हायचं, ही रीत बंद झाली पाहिजे.

घाटवाट
'विकी वाच' एवढंच म्हणणं चूक, मान्य. पण नेमक्या परिच्छेदाची लिंक देणं हे उत्तरच आहे. आणि 'वायफाय चालत नाही' या तीन शब्दांवर कुणी काय सांगणार? 'इनएक्सआय -एफएक्सझेड' या हार्डवेअरची माहिती देणाऱ्या कमांडचा मजकूर द्या (झेडमुळे मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक, झाकला जातो). मागच्या बूटला गडबड झाली असेल तर 'जर्नलसीटीएल -बी -१' (मागच्या बूटची नोंद दाखवणारी कमांड) मधला त्या वेळचा भाग द्या. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, त्यातली चूक कॉपी करून शोधता येत नाही. काय करून पाहिलं तेही लिहा. आयआरसीवर (जुनी ऑनलाइन गप्पांची सोय) विचारलंत तर पाच मिनिटांत निघून जाऊ नका. आपल्या सकाळी अमेरिकेत रात्र असते, उत्तर संध्याकाळीही येतं.

रानवारा
प्रश्न विचारण्याबद्दल घाटवाटांशी सहमत. आर्चबद्दल मात्र मत तेच. वायफाय गेलं की विकी उघडायला दुसरं साधन लागतं, आणि घरात एकच लॅपटॉप असलेले खूप जण आहेत. त्यांनी निदान यूएसबी केबल जवळ ठेवावी. अँड्रॉइड फोन जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की इन्स्टॉलरमध्ये सहसा लगेच नेट मिळतं, ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय कार्डांना ड्रायव्हर उतरवायलाही तोच मार्ग. ज्यांच्याकडे मुळात ४ जीबीच रॅम आहे त्यांनी व्हर्च्युअलबॉक्सच्या नादी लागू नये. मिंटची एक्सएफसीई (कमी रॅमवर चालणारी) आवृत्ती पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावी. वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, एवढं तपासल्यावरच डिस्कला हात लावावा.