बीचवरचं क्लॉ मशीन म्हणजे जुगारच की! तुम्हाला काय वाटतं?

वाळूतला_वाटसरू
किनाऱ्यावर आता नुसती घोडागाडी नि बनाना राईड राहिली नाही. सीझनला गेम झोन लागतात, टोकनची मशीन, टेडीवालं क्लॉ मशीन. त्याचा पंजा कधी नीट बघा, टेडीचा कान धरतो, वर उचलतो आणि नेमका खळग्याच्या तोंडाशी सैल पडतो. बऱ्याच मशीनमध्ये पकड किती घट्ट ठेवायची, किती खेळांनी एकदा घट्ट धरायचं हे मालक सेट करू शकतो. म्हणजे पोरगं 'थोडक्यात हुकलं' म्हणत परत बापाच्या खिशाकडे बघतं ते मशीननेच घडवलेलं असतं! आणि कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस सहजी सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या कबुतरांवरच्या प्रयोगांपासून माहितीये. १८ खालच्यांना असली मशीन बंद करा, एवढंच म्हणणं.

रापणकार
ओ भाऊ, जत्रेत रिंग टाकून कोण भिकेक लागलो ता दाखवा. माझो मामा रिंगांचो स्टॉल लावता, पावसात सगळा बंद. जागेचा भाडा, माल जावन हातात काय रवता ता आमका म्हायत. घरां बुडली ती जुगाराच्या मैफलीत नि मटक्यात, थंय बोलाक कोणाची छाती नाय.

वाळूतला_वाटसरू
मामांच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये हो. रिंग हुकली तर का हुकली ते डोळ्याला दिसतं, मशीनमध्ये दिसत नाही.

कोर्टाची_पायरी
महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, त्यामुळे जो तो आपला खेळ कौशल्याचा म्हणतो. रिंग समजा ठीक, ठोकळ्यावर जेमतेम बसत असली तरी. पण पंजा सैल पडणं हे नेमकं कुणाचं कौशल्य?

परदेशी_मालवणकरीण
इंग्लंडात राहते. इथे किनाऱ्यावर दोन पेन्सची नाणी ढकलणारी मशीन लहान पोरंही खेळतात, कायद्याने चालतं. बेटिंगच्या दुकानातल्या मशीनवर मात्र २०१९ ला एका डावाची मर्यादा १०० पौंडांवरून थेट २ वर आणली. म्हणजे मोठ्यांना सांभाळायचं नि पोरांना नाण्यांची सवय लावायची, मला तर हे उलटंच वाटतं.

हर्णैचा_वारा
उगाच कबुतरं नि पेन्स काय काढताय, खरा जुगार खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. आमच्या शेजारच्या खलाशाने सीझनची आगाऊ उचल सगळी रमीच्या ॲपवर घालवली, आता त्याच ट्रॉलरवर फुकट राबतोय, घरात बायको मासळी विकून चूल पेटवते. ऑगस्ट २०२५ ला केंद्राने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आणला तरी ह्याच्या फोनवर लिंका येतातच. टेडीच्या मागे लागून काय होणार?

वाळूतला_वाटसरू
पण तो आधी थोडे जिंकला असेलच ना?

हर्णैचा_वारा
हो, ८०० रुपये. टेडी नव्हता.

परदेशी_मालवणकरीण
त्याला टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावायला सांगा, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

हर्णैचा_वारा
सांगितलं. मी काय वेडा आहे का म्हणतो.

रापणकार
बघा! आधी ॲपवाल्यांका नि मैफलवाल्यांका धरा, मगे येवा आमच्या टेडीकडे.