क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही: हायड्रॉलिकचा दोष की प्रेशर प्लेटचा?

सिंहगडरोडकर:
पेट्रोल हॅचबॅक, ७८,००० किमी. क्लच हायड्रॉलिक, स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने रॉड ढकलून क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या बाहेर. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात. चालू असताना पहिला जोर लावून पडतो, रिव्हर्सला कर्रर्र आवाज. सिग्नलला पहिल्यात क्लच दाबून थांबलं की थोड्या वेळाने गाडी पुढे सरकायला बघते. पेडल दोन-तीनदा पंप केलं की गिअर बरा पडतो. बाहेर कुठे गळती दिसत नाही, डब्यातलं ऑइल मिनच्या खुणेखाली. गॅरेजमध्ये सरळ गिअरबॉक्स उतरवून क्लच सेट बदला म्हणतात. आधी काय तपासू?

दहाचा_पाना:
गिअरबॉक्सला इतक्यात हात लावू देऊ नका. पंप केल्यावर गिअर पडतो, यातच निम्मं उत्तर आलं. प्रेशर प्लेट (क्लचची डिस्क दाबून धरणारी तबकडी) किंवा फोर्क (स्लेव्हच्या रॉडने हलणारा दांडा) गेला असता तर पंप करून काही फरक पडला नसता. लाइनमध्ये हवा तरी आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलतो तो) सील गेलंय.

दोन्ही ओळखायला एक स्टीलची पट्टी पुरते. इंजिन बंद ठेवून एकाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि स्लेव्हचा रॉड किती बाहेर येतो ते मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो साधारण १० ते १५ मिमी सरकतो. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. आता पेडल तसंच ३० सेकंद धरून ठेवा.

पहिल्यापासूनच रॉड कमी सरकला आणि पेडल स्पंजसारखं लागलं, तर हवा. आधी पूर्ण सरकला पण पाय न हलवता हळूहळू मागे आला, तर मास्टरचं सील ऑइल आतल्या आत मागे सोडतंय. यात बाहेर एक थेंबही दिसत नाही, म्हणून लोक फसतात. स्लेव्हचं सील गेलं असेल तर त्याचं रबर बूट उचलल्यावर आत ऑइल साचलेलं सापडतंच.

नानापेठी:
मोजायच्या आधी ड्रायव्हरच्या पायाखाली मॅटवर मॅट टाकलंय का बघा. तेवढ्यानेही पेडल तळाला जात नाही.

ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असेल तर क्लचची नळी सहसा वरच्या बाजूला असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल उरतं. त्यामुळे पातळी उतरली की हवा आधी क्लचमध्ये शिरते. ब्रेक पॅड झिजले तरी पातळी उतरते, तेही पाहून घ्या.

हवा काढायला: झाकणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल, सीलबंद अर्धा लिटर. उघडून ठेवलेली जुनी बाटली नको, ते हवेतलं पाणी ओढतं. स्लेव्हवरच्या हवा काढायच्या निपलला रिंग पाना आणि पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक ऑइलमध्ये बुडवा. पेडल दाबा, निपल पाव फेरा सोडा, आवळा, मगच पेडल वर. पेडल खालीच राहिलं तर हाताने ओढा. दर चार-पाच वेळांनी डबा भरा, रिकामा झाला तर सगळं पहिल्यापासून. बुडबुडे थांबतच नसतील तर स्लेव्हचा पिस्टन हाताने पूर्ण आत ढकलून पुन्हा करा, अडकलेली हवा तिथे असते. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओता, नुसतं पुसू नका.

सिंहगडरोडकर:
मोजलं. मॅट काढून १३ मिमी, पेडल घट्ट. ३० सेकंदांनी ६ मिमी. स्लेव्हचं बूट कोरडं. डॅशखाली पेडलच्या रॉडपाशी मास्टरच्या तोंडाला हलका ओलावा.

दहाचा_पाना:
मग मास्टरच. नुसतं सीलचं किट टाकायचं तर आधी सिलिंडरचा बोअर (आतली भिंत) बघा. नखाला खाच लागली तर नवं सीलही टिकणार नाही. एवढ्या किमीला मी अख्खा सिलिंडर बदलेन. बसवण्याआधी तो बाहेरच ऑइलने भरून हाताने पंप करा, नंतरचं ब्लीडिंग (हवा काढणं) निम्म्यात होतं.

पुशरॉड आणि पिस्टनमध्ये किंचित मोकळीक ठेवा. रॉड पिस्टनला कायम दाबून राहिला तर ऑइल डब्यात परतायचं छिद्र बंद राहतं, गरम झालेलं ऑइल फुगतं आणि कात्रज घाटात क्लच स्लिप व्हायला लागतो.

नानापेठी:
हे सगळं करूनही रॉड पूर्ण सरकतो, टिकतो आणि गिअर तरी पडत नाही, तरच बॉक्स उतरवा. तेव्हा फोर्क, प्रेशर प्लेटची बोटं आणि स्प्लाइनवर (गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांवर) अडकलेली डिस्क बघायची.