चाकावरील कमानीचा आणि दाराच्या तळाचा गंज घरी दुरुस्त करता येईल का?

खाडीकाठ (देवगड) :

सर्व जाणकारांना नमस्कार. माझ्याकडे २००९ सालची रुपेरी रंगाची लहान मोटार आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर गेल्या वर्षी तिच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले असल्याने ती एवढ्यात विकण्याचा विचार नाही. इंजिन उत्तम आहे. दुखणे पत्र्याचे आहे. डाव्या बाजूच्या मागील चाकावरील कमानीच्या काठाला आणि त्याच बाजूच्या मागील दाराच्या तळाला रंगाखाली फोड आले असून नखाने दाबल्यास तांबूस भुकटी गळते. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये हेच काम पैसे मोजून करून घेतले होते, परंतु दुसरा पावसाळा संपण्याच्या आतच फोड जिथल्या तिथे परत आले. या खेपेस दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत हे काम स्वतःच करावे असे मनात आहे. पॉलिश पेपरने घासून, लांबी (पुटी) भरून, वर रंग मारणे एवढे पुरेसे आहे, की आणखी काही करावे लागते?

पत्रेकाम :

आपण सांगितलेला क्रमच बहुधा गॅरेजमध्येही पाळला गेला असावा, आणि म्हणूनच गंज परत आला. मी बावीस वर्षे डेंटिंगचे काम केले. दाराच्या तळाला बाहेरून दिसणारा फोड हा जवळजवळ नेहमी आतून आलेला असतो, असा माझा अनुभव आहे. काचेच्या रबराजवळून थोडे पाणी दारात उतरणारच, हे गृहीत धरून दाराच्या खालच्या काठाला पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे ठेवलेली असतात. ती माती आणि पाचोळ्याने बुजली की पाणी तळाशी साचते आणि दुमडलेल्या पत्र्याच्या सांध्यात गंज धरू लागतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागत असल्याने तो रंगाला आतून ढकलतो; फोड दिसतो तो तेव्हा.

त्यामुळे पॉलिश पेपर हाती घेण्याआधी दाराचे आतले पॅड काढून बॅटरीच्या उजेडात तळ पाहावा आणि छिद्रांतून बारीक तार फिरवावी. नंतर फोड आलेल्या जागी जुन्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवून जोर द्यावा. पत्रा टणक लागला तर काम घरी होण्यासारखे आहे. टोक आत गेले तर पुढचा विचार वेगळा करावा लागेल.

लांबीविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लांबी ही खळगा सपाट करण्यासाठी असते, भोक बुजवण्यासाठी नव्हे, आणि ती गंजावर तर कधीच लावू नये. ती ओल शोषून घेते, म्हणजे गंजावर आपणच ओले फडके बांधून ठेवल्यासारखे होते.

क्षारमापक :

मी या धंद्यातला नाही, रसायनशास्त्र शिकवतो. पण गेल्या वर्षी माझ्या गाडीचे बॉनेट घरी दुरुस्त केले, त्या अनुभवातून थोडे सांगतो. आपण समुद्राजवळ राहता, म्हणून घासून झाल्यावर ती जागा गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावी. खळग्यांत राहिलेले मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण नव्या रंगाखालीही ते आपले काम चालूच ठेवते. धुतल्यावर केस वाळवण्याच्या यंत्राने सांधे पूर्ण कोरडे करावेत आणि त्याच दिवशी प्रायमर लावावा. मी पत्रा रात्रभर उघडा ठेवला होता. सकाळी त्यावर चहाच्या डागासारखी पिवळसर झाक आली होती आणि सगळे पुन्हा घासावे लागले.

सुरुवात ८० नंबरच्या कागदाने करून, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत चहूबाजूंनी बोटभर चांगला रंगही काढावा, म्हणजे रंगाच्या कडेखाली सरकलेला गंज सापडतो. खळग्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतातच. त्यांसाठी फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजनाशक उपयोगी पडते, कारण ते गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. मात्र आम्लाचा अंश उरला तर वरचा एपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही, म्हणून डब्यावर सांगितल्याप्रमाणे ते धुऊन काढणे आवश्यक आहे. प्रायमर दोन भाग मिसळून लावायचा एपॉक्सीच घ्यावा. नेहमीचा राखाडी सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा थर) पाणी झिरपू देतो.

खाडीकाठ (देवगड) :

आपणा दोघांचाही आभारी आहे. काल पॅड काढले. दाराची दोन छिद्रे चिखलाने आणि आंब्याच्या पानांच्या चुऱ्याने गच्च भरली होती. तार घालताच वाटीभर काळे पाणी बाहेर आले, तेही पाऊस थांबून दहा दिवस झाल्यावर! दाराचा पत्रा टणक आहे. कमानीला मात्र स्क्रू ड्रायव्हर सहज आत गेला आणि नाण्याएवढे भोक पडले. जुनी लांबी खपलीसारखी निघून हातात आली. येथे फायबरचे कापड चिकटवून भागेल का?

पत्रेकाम :

भागेल, पण एक-दोन पावसाळे. कमानीच्या काठाला बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे जोडलेले असतात. कापडाने बाहेरचे भोक झाकले तरी त्या दोहोंमधला गंज तसाच राहतो. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवणे हेच खरे काम आहे आणि ते कारागिराकडूनच करून घ्यावे. मात्र लांबी लावण्यापूर्वी उघडे वेल्डिंग आपल्याला दाखवावे, अशी अट आधीच घालावी. त्याच वेळी चाकाच्या आतून दाराखालच्या सिलपर्यंत (दोन्ही चाकांमधल्या आडव्या पट्टीपर्यंत) पत्रा ठोकून पाहण्यास सांगावे. सिल, सीटबेल्टची जागा किंवा सस्पेन्शन जिथे बसते तो भाग पोखरला असेल, तर तेथे घरगुती उपाय अजिबात नको, कारण अपघातात गाडीचा भार तेथेच येतो.

दार आपण खुशाल घरी करावे. रुपेरी मेटॅलिक रंग मध्येच थांबवल्यास ठिगळ दिसते, म्हणून दाराच्या खालच्या उठावरेषेपर्यंत कागद चिकटवून रंग तेथेच संपवावा. हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) मिसळायचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मात्र घरी फवारू नये. त्याच्या वाफा फुप्फुसांना घातक असतात आणि साधा कापडी मास्क त्या अडवत नाही. काम संपल्यावर आतल्या सांध्यांत पातळ मेण फवारावे आणि पॅड परत बसवण्यापूर्वी छिद्रांतून एकदा तार फिरवावी, कारण मेणानेही ती बुजतात.