मदत हवी आहे: मुगाच्या चार वाट्या आणि ‘कंट्रोल कोणता?’

मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्रजीत. विज्ञान प्रकल्पाला तिने विषय घेतला: मिठाच्या पाण्याने मुगाला मोड येण्यावर काय परिणाम होतो. चार वाट्या, प्रत्येकीत ओला कापूस, त्यावर दहा-दहा मूग. एकीत साधं पाणी. बाकीच्यांत पेलाभर पाण्यात एक, दोन आणि तीन चमचे मीठ. तिसऱ्या दिवशी मोड आलेले दाणे मोजले: ७, १, ०, ०. पोरगी खूश. तक्ता रंगवूनसुद्धा झाला.

बाईंनी वही परत दिली ती दोन लाल शेऱ्यांसकट. एक, ‘कंट्रोल कोणता?’ आणि दुसरा, ‘कंट्रोल्ड व्हेरिएबल्स लिही.’

मी मराठी माध्यमातली. चल म्हटलं की मला बीजगणितातला क्षच आठवतो. शोधून वाचलं तेव्हा स्वतंत्र चल आणि अवलंबी चल एवढं कळलं: मीठ आपण कमी-जास्त करतो ते स्वतंत्र, मोड त्यावर अवलंबून. पण पुढे ‘नियंत्रित चल’ आणि ‘नियंत्रण’ असे दोन शब्द आले आणि माझी गाडी तिथेच अडली. दोन्ही एकच ना? मी तिला तसंच सांगितलं. तिने लिहिलं, ‘कंट्रोल: वाटी, कापूस, मूग.’ बाईंनी त्यावर काट मारली आणि लेक आता माझ्यावर फुगलीय.

अजून एक कबुली. तीन वाट्या ट्रेमध्ये बसल्या, तो ट्रे फ्रिजवर. चौथी, साध्या पाण्याची, मावली नाही म्हणून खिडकीत ठेवली. तिच्यासाठी नवे मूगही पुरले नाहीत, मग जुन्या डब्यातले घेतले. त्याने काही बिघडतं का?

प्रतिसाद १
ताई, घोळ शब्दांचाच आहे, तुमचा दोष नाही. नियंत्रित चल म्हणजे सगळ्या वाट्यांत मुद्दाम सारख्या ठेवलेल्या गोष्टी: पाणी किती, कापूस किती, जागा, मुगाचा डबा. त्यांची यादी करता येते. नियंत्रण म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली एक अख्खी वाटी, जिला मीठ सोडून बाकी सगळं मिळालंय. म्हणजे तुमची साध्या पाण्याची. तिच्यात मोड आलेच नसते तर दोष मिठाचा की मुगाचा, हे सांगता आलं नसतं.

आणि खिडकीचं म्हणाल तर हो, बिघडतं. नेमक्या त्याच वाटीत तीन गोष्टी बदलल्या: मीठ, जागा, मूग. नशीब इतकंच की खिडकीत गारठा, मूग जुने, तरी सात आले. चूक मिठाच्या बाजूने झुकलेली नाही. पण उलटं झालं असतं तर सगळा प्रकल्प पाण्यात.

प्रतिसाद २
मुलीला फ्रान्चेस्को रेडीची गोष्ट सांगा. इटलीतला वैद्य. मांस सडलं की त्यातून किडे आपोआप उपजतात, असं तेव्हा लोक धरून चालत. याने काही बरण्यांत मांस उघडं ठेवलं, काही बंद केल्या. उघड्यांत अळ्या, बंद बरण्यांत नाहीत. पण बरणी बंद केली की माशीच नाही, हवाही अडते. दोन गोष्टी एकदम बदलल्या, हुबेहूब तुमच्या खिडकीसारखं! म्हणून त्याने पुन्हा प्रयोग केला, या वेळी तोंडाला झिरझिरीत कापड बांधून. हवा आत, माशी बाहेर. मांसावर अळ्या नाहीत. १६६८ साली हे छापून आलं. मोड आणायला आपण फडकं बांधतो, त्यामुळे पोरांना ही गोष्ट पटकन पटते.

प्रतिसाद ३
मिठाचं प्रमाण बघा आधी. एक चमचा म्हणजे ५-६ ग्रॅम. पेला २०० मिलीचा असेल तर लिटरला २५-३० ग्रॅम झालं. समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ असतं. म्हणजे तुमची पहिलीच वाटी जवळजवळ समुद्र, पुढच्या दोन त्याहून खारट. दाण्याला मोड येण्यापुरतं पाणी ओढता येत नाही, मग शून्यापुढे शून्यच येणार. चिमटीने घ्या: लिटरला २, ४, ८ ग्रॅम असं. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर उत्तम. आणि वाट्या झाका. पाणी वाळतं, मीठ वाळत नाही, तिसऱ्या दिवशी तुमचं प्रमाण तुम्ही लिहिलंय ते राहत नाही.

दहा दाणेही कमीच. साध्या पाण्यातले तीन का फुटले नाहीत? गणंग असतील, म्हणजे भिजवूनही न फुगणारे टणक दाणे. दहात तीन गणंग निघाले की आकडे नाचतात. पन्नास घ्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. गणंग आधी भिजवून वेचून टाकले तर चालतील का?

प्रतिसाद ३
नको. आधी साध्या पाण्यात भिजवलेत तर दाणा फुगून तयार होतो आणि मीठ त्यानंतर येतं. मग प्रश्नच बदलतो. गणंग असू देत, चारही वाट्यांत सारखेच विखुरतील.

धागाकर्ती
कळलं. काट मारलेल्या ओळीखाली तिने स्वतः लिहिलंय, ‘कंट्रोल: साध्या पाण्याची वाटी. सारखं ठेवलं: बाकी सगळं.’ ट्रे मोठा आणलाय. सध्या एकाच पाकिटातले दोनशे मूग मोजायला बसलोय, आजीही चष्मा लावून आलीय. ती मोजता मोजता किडके बाजूला काढतेय आणि तिला थांबवणं जमत नाहीये. सोमवारी आकडे टाकते.