एफवायच्या वह्यांवर शेरे कसे लिहावेत?

प्रश्न: तालुक्याच्या कॉलेजात एफवायबीएला मराठी शिकवते. वर्गात ६२ मुलं. परवा ‘आमची विहीर’ यावर लिहून घेतलं. एका मुलीने लिहिलं होतं, ‘रहाट करकरला की आजीला जाग यायची.’ त्याच पानावर मी लाल पेनाने १४ गोल केले. वही हातात घेताच तिचा चेहरा पडला. फार लागलं मला. कसं सावरू?

उत्तर: मॅडम, त्या वाक्याखाली रेघ ओढा आणि समासात लिहा, ‘मला रहाट ऐकू आला. मग आजी काय करायची?’ नुसतं ‘छान’ लिहून पोरांना काही कळत नाही.

उत्तर: शुद्धलेखन सोडू नका, पण एका वेळी एकच नियम. ‘आणी’पासून सुरुवात करा. शब्दाच्या शेवटची वेलांटी एरवी दीर्घ, म्हणून मुलं तसं लिहितात. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या १८ नियमांत ‘आणि’, ‘नि’ ऱ्हस्व आहेत. चुकीमागचं कारण सांगितलं की पोरं लाजत नाहीत.

प्रश्नकर्ती: आज तिलाच मोठ्याने वाचायला लावलं. जिथे अडखळली, तिथे तिनेच पूर्णविराम दिला. आजी उठून आधी चूल सारवायची म्हणे! सोमवारी पुन्हा लिहून आणतेय.